रायपूरचा ठेवीदार

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे स्वाऱ्या, तह आणि राज्यारोहणे उभी राहतात. परंतु महिन्याचा खर्च भागवून घरात चार रुपये उरले तर ते ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील प्रत्येक गृहस्थापुढे उभा राहिलेला आहे; आणि त्या प्रश्नाला त्याने वेळोवेळी जी उत्तरे दिली त्यांचाही एक इतिहास आहे. तो बखरींत सापडत नाही. गहाणखते, पासबुके, विम्याचे कागद आणि भविष्यनिर्वाह निधीचे उतारे यांत तो विखुरलेला असतो. हातपाय थकल्यावर आपणास कोण पोसणार, ही एकच चिंता त्याच्या मुळाशी असते. आणि आपले साठवलेले धन कोणाच्या स्वाधीन करावे, म्हणजेच विश्वास कोणावर ठेवावा, हा त्याचा खरा विषय असतो. विश्वास पानिपतात गेला, असे आपण मराठी माणसे थट्टेने म्हणतो. पण पैसा जवळ आला की प्रत्येकास तो कोठून तरी शोधून आणावाच लागतो.

हा इतिहास पाहावयाचा तर मुंबईच्या बाजाराकडे धाव घेण्याची आवश्यकता नाही. मी त्यासाठी छत्तीसगडातील रायपूर हे शहर निवडतो. मराठी माणसाचा या प्रदेशाशी संबंध जुना आहे. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकरांची फौज नागपूरकर भोसल्यांच्या वतीने छत्तीसगडात उतरली. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तेथेच होते. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी ॲग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. १८३० मध्ये मुलूख पुन्हा भोसल्यांकडे आला आणि १८५४ मध्ये नागपूरच्या राज्याबरोबरच तो खालसा झाला. या घडामोडींच्या मागोमाग कारकून, कमाविसदार, वकील आणि शिक्षक अशी मराठी कुटुंबे येत गेली व येथलीच झाली. तात्यापारा या मोहल्ल्याच्या नावात ती आठवण अजून जिवंत आहे.

या कुटुंबांची शिल्लक प्रारंभी तीन ठिकाणी जाई: सोन्यात, सावकाराकडे आणि जमिनीत. सोने घरात राही, पण ते वाढत नसे. सावकाराकडे ठेवलेला पैसा वाढे. परंतु सावकाराची वही सावकारच लिही आणि सावकारच वाची. ठेवीदाराच्या हाती त्याच्या शब्दाखेरीज काही नसे. म्हणून सर्वांत प्रतिष्ठेची गुंतवणूक म्हणजे जमीन. १८६० नंतरच्या दशकात इंग्रजांनी मध्यप्रांतात जमाबंदी केली व मालगुजारांना त्यांच्या गावांवर मालकी हक्क दिले. मालगुजार म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा आणि मधला वाटा स्वतःकडे ठेवणारा मालक. या मालकीचे भाग आण्यांत मोजले जात. एखाद्या गावात चार आण्यांचा हिस्सा असणे, हेच त्या काळचे निवृत्तिवेतन होते. राजे बदलतात, पेढ्या बुडतात, पण जमीन कोठे जाणार, असा या व्यवहारामागचा सिद्धान्त होता. तो पुढे कसा फसला ते आपण पाहणारच आहोत.

कागदावरची गुंतवणूक मात्र या वर्गास दीर्घकाळ संशयास्पदच वाटली. आणि त्यास कारणही होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरात मुंबईत नव्या कंपन्यांचे पीक आले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या दलालाच्या नुसत्या नावावर भाग खपू लागले. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला आणि हा डोलारा कोसळला. भागांच्याच तारणावर सढळ हाताने कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. मराठी मध्यमवर्गाच्या बोलण्यात ‘शेअर’ हा शब्द ‘सट्टा’ या शब्दाचा सख्खा भाऊ होऊन बसला तो बसलाच.

अशा वेळी १८८२ मध्ये सरकारने टपाल कचेऱ्यांत बचत बँक उघडली. तिचे व्याज माफक होते, पण तिने एक नवी वस्तू सामान्य माणसाच्या हाती दिली, ती म्हणजे पासबुक. ठेवीची नोंद प्रथमच ठेवीदाराच्या घरात येऊन राहिली. वही सावकाराच्या गादीवरून उठून ठेवीदाराच्या पेटीत आली, हे स्थित्यंतर लहान नव्हे.

याच्या पुढचे पाऊल रायपुरात टाकले गेले आणि ते टाकण्यात एका मराठी गृहस्थाचा मोठा वाटा होता. १९०० च्या जानेवारीत पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक निघू लागले. त्याचे संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोळकर आणि प्रकाशक वामनराव लाखे. मासिक तीन वर्षांत पैशाअभावी बंद पडले. सप्रे पुढे हिंदी वाङ्मयाच्या इतिहासात अमर झाले. लाखे यांचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात एवढ्यावरच संपते. परंतु अर्थव्यवहाराच्या इतिहासात ते तेथून सुरू होते. १८७२ मध्ये जन्मलेल्या या रायपूरकर वकिलाने १९१३ मध्ये रायपुरास सहकारी केंद्रीय बँक उभी केली.

या बँकेची रचना समजून घेण्यासारखी आहे. १९०४ च्या कायद्याने खेड्यांत सहकारी पतपेढ्या निघू लागल्या होत्या. गावातले शेतकरी एकत्र येत आणि एकमेकांच्या कर्जाची हमी घेत. ही हमी अमर्यादित असे. म्हणजे एकाने बुडविले तर भरणे सर्वांना भाग असे. १९१२ च्या कायद्याने अशा पतपेढ्यांची मिळून मध्यवर्ती बँक काढण्यास मुभा दिली. रायपूरची बँक ही अशी होती. शहरातील वकील, शिक्षक, व्यापारी यांच्या ठेवी तिने घ्यावयाच्या आणि त्या बी-बियाणे व बैल यांसाठी खेड्यांतील पतपेढ्यांना द्यावयाच्या. धान पिकले की पैसा व्याजासह उलट वाटेने शहरात यावयाचा. येथे ठेवीदार हा केवळ ठेवीदार राहिला नाही. आपला पैसा कोणाकडे जातो, कशासाठी जातो आणि कोणत्या आधारावर परत येतो, हे त्याला विचारता येऊ लागले. वार्षिक सभा भरे, हिशेबतपासनिसाचा अहवाल वाचला जाई, ताळेबंद छापला जाई आणि सभासदास उभे राहून प्रश्न विचारण्याचा हक्क असे. माझ्या मते रायपूरच्या आर्थिक इतिहासातील ही सर्वांत मोलाची घटना होय. सावकारावर विश्वास टाकावा लागे. या बँकेवर विश्वास टाकण्यापूर्वी तिला प्रश्न करता येत असे.

लाखे यांनी असहकाराच्या काळात सरकारी पदवी परत केली आणि रायपूरकरांनी त्यांना ‘लोकप्रिय’ ही पदवी दिली. १९४८ मध्ये ते निवर्तले. शहरातील एक वस्ती आज लाखेनगर म्हणून ओळखली जाते. पण त्यांनी घालून दिलेली पद्धतही संकटांतून सुटली नाही. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत धान्याचे भाव कोसळले आणि देशभर सहकारी पतपेढ्यांची थकबाकी वाढत गेली. प्रश्न विचारण्याचा हक्क असला म्हणजे पाऊस वेळेवर पडतो किंवा भाव टिकतो असे नव्हे. हक्क असणे आणि तो वापरणे यांतही अंतर असते. पुढे एकविसाव्या शतकात, २००६ मध्ये, याच रायपुरात एक महिला नागरी सहकारी बँक गैरव्यवहाराच्या आरोपांत बंद पडली आणि हजारो कुटुंबे दाराशी उभी राहिली, तेव्हा हे अंतर पुन्हा एकदा दिसून आले.

स्वातंत्र्य आले आणि प्रथम जमिनीचा सिद्धान्त फसला. मध्यप्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालकी हक्क नष्ट केले आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. न्यायाच्या दृष्टीने हे होणे योग्यच होते. कसणाऱ्याच्या घामावर मधल्याने किती पिढ्या बसून खावे, यालाही मर्यादा असावयासच हवी. परंतु ज्यांचे सारे म्हातारपण गावातील चार आण्यांच्या हिश्श्यावर अवलंबून होते, त्यांना एक धडा मिळाला. जमीन जागेवरच राहिली, पण तिच्यावरचा हक्क एका कायद्याने गेला. कोणतीही मिळकत स्वतःच्या बळावर सुरक्षित नसते. तिच्यामागे जो कायदा उभा असतो तो बदलला की तीही बदलते.

यानंतरची तीस-चाळीस वर्षे ही सरकारवरील विश्वासाची वर्षे होत. १९५२ मध्ये कारखान्यांतील नोकरांसाठी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. रायपुरापासून थोड्याच अंतरावर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून, विदर्भातूनही, माणसे तेथे नोकरीस आली. पगारातून परस्पर कापली जाणारी शिल्लक ही कल्पना या भागात कामगारांच्या घराघरांत पोचली ती या काळात. १९५६ मध्ये विम्याच्या २४५ संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्या. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ पासून बँकांतील ठेवींना विमा लागू झाला. दर ठेवीदारामागे १,५०० रुपयांचा. हीच मर्यादा २०२० पासून ५ लाखांवर आलेली आहे. आज आपण बँकेत निश्चिंतपणे पैसे ठेवतो, त्या निश्चिंतीची किंमत आपल्या वऱ्हाडातील ठेवीदारांनीही मोजलेली आहे, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

१९६४ मध्ये युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाने आपली पहिली योजना विक्रीस आणली. दहा रुपयांचे एक युनिट. हजारो लोकांचे थोडेथोडे पैसे एकत्र करून जाणत्या माणसांनी ते कंपन्यांचे भाग व कर्जरोखे यांत गुंतवावयाचे आणि नफा वाटून द्यावयाचा, अशी ही कल्पना. ‘शेअर’ या शब्दाला भिणाऱ्या मध्यमवर्गीयाला मागच्या दाराने शेअरबाजारात नेणारी ही वाट होती. आणि दाराशी सरकारची पाटी असल्यामुळे तो निर्धास्तपणे आत गेला. पहिल्या वर्षीचा लाभांश ६.१ टक्के होता. १९९३ च्या सुमारास तो २६ टक्क्यांपर्यंत गेला. निवृत्तीची रक्कम हाती आली की काही भाग टपालात, काही बँकेत आणि उरलेला युनिटांत, अशी वाटणी करणाऱ्याला पुष्कळ घरांत शहाणा म्हणत.

परंतु या योजनेत एक गोष्ट झाकलेली होती. युनिट विकत घेण्याचा व परत देण्याचा भाव संस्था स्वतःच जाहीर करी. युनिटामागे प्रत्यक्षात किती मालमत्ता आहे, यावर तो भाव बांधलेला नव्हता. बाजार चढता होता तोवर हे कोणास खुपले नाही. १९९८ मध्ये मालमत्ता कमी व जाहीर भाव जास्त अशी स्थिती उघडकीस आली. आणि २००१ च्या जुलै महिन्यात युनिटांची खरेदी-विक्रीच सहा महिन्यांसाठी थांबविण्यात आली. देशभर सुमारे दोन कोटी युनिटधारक होते. पुढे २००३ मध्ये संस्थेची विभागणी झाली, सरकारने आधार दिला व लोकांना रोख्यांच्या रूपाने परतफेड मिळाली. पैसा बराचसा वाचला. विश्वास मात्र वाचला नाही. सावकाराची वही सावकारच वाची, हा जुना दोष सरकारी पाटीआड सुमारे सदतीस वर्षे नव्याने नांदत होता, असेच म्हणावे लागते.

येथून ठेवीदाराच्या इतिहासाचे शेवटचे पर्व सुरू होते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर राजधानी बनले. त्याच सुमारास शेअरांचे कागद जाऊन त्यांची नोंद संगणकावर होऊ लागली. यासाठीचा कायदा १९९६ चा. पूर्वी रायपूरच्या गृहस्थाला भाग घ्यावयाचे तर स्थानिक मध्यस्थामार्फत मुंबईच्या दलालाकडे निरोप धाडावा लागे आणि कागद हाती येण्यास आठवडे जात. आता मुंबईचा बाजार त्याच्या खिशातील दूरध्वनीत आला. २००९ मध्ये म्युच्युअल फंडांनी गुंतवणूकदाराकडून प्रवेशाचे शुल्क घेणे बंद झाले. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला मध्यस्थाची दलाली वगळलेली, थेट विकण्याची योजना ठेवणे भाग झाले. हा फरक शेकड्याला एखाद्या रुपयाचा दिसतो. पण एक लाख रुपये दरसाल १० टक्क्यांनी ३० वर्षे वाढले तर सुमारे १७ लाख ४५ हजार होतात. ९ टक्क्यांनी वाढले तर १३ लाख २७ हजार. हे अंतर कोणा चोराने नेलेले नसते. दरवर्षी थोडेथोडे, आपल्याच संमतीने, ते दिले गेलेले असते.

निवृत्तिवेतनाच्या बाबतीत तर निवड ही इच्छेची गोष्ट न राहता सक्तीची झाली. १ नोव्हेंबर २००४ नंतर छत्तीसगड सरकारच्या नोकरीत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन मिळेनासे झाले. जुन्या पद्धतीत अखेरच्या पगाराच्या निम्मी रक्कम आयुष्यभर मिळे. नव्या पद्धतीत पगारातून वर्गणी कापावयाची, सरकारने आपली भर घालावयाची आणि ती बाजारात वाढवावयाची. २०२२ मध्ये राज्याने जुनी पद्धत पुन्हा आणली. परंतु केंद्राच्या व्यवस्थेकडे जमा झालेला पैसा राज्याला परत मिळेना. तेव्हा २०२३ च्या आरंभी कर्मचाऱ्यांना प्रतिज्ञालेख देऊन दोहोंपैकी एक पद्धत निवडावयास सांगण्यात आले. जुनी पत्करावयाची तर निधीतील सरकारी वर्गणी व तिच्यावरील वाढ पुढे परत करण्याची तयारी दाखवावी लागे. एका बाजूस राज्याच्या तिजोरीचे वचन, दुसऱ्या बाजूस बाजाराचे चढउतार. आणि मध्ये एखादी शाळाशिक्षिका किंवा तहसील कचेरीतील कारकून. अंकशास्त्र्यांनी महिनोन्महिने खल करावा असा हिशेब त्यांनी काही आठवड्यांत घरच्या मेजावर बसून करावयाचा होता. निवड एकदाच करावयाची होती. सावकार, बँक आणि सरकार यांच्यावर आळीपाळीने विसंबलेला ठेवीदार आता स्वतःवर येऊन ठेपला, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

स्वतःवर विसंबणे ही प्रतिष्ठेची गोष्ट खरी. पण तीही निर्धोक नव्हे. शेअरबाजाराच्या नियामक मंडळाने, म्हणजे सेबीने, २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. भावी किमतींच्या वायद्यांत व्यवहार करणाऱ्या सामान्य व्यक्तींपैकी शेकडा ९० हून अधिक लोकांना आधीच्या तीन वर्षांत तोटाच झाला, असे तीत आढळले. बॅकबेच्या भागांमागे धावणाऱ्यांना निदान मुंबईस जावे लागे. आता तेवढेही श्रम उरलेले नाहीत. दलाली स्वस्त झाली म्हणजे शहाणपण स्वस्त होत नाही, आणि दार उघडे आहे एवढ्यावरून घर आपले ठरत नाही.

मग या इतिहासापासून घ्यावयाचे ते काय? येथे जे जे बुडाले त्यास वाईट माणसे हे एकच कारण नव्हते. बऱ्याच ठिकाणी प्रश्न विचारणे थांबले, हे त्याचे कारण होते. पैसा कोणाजवळ राहणार, तो कशात घातला जाणार, सांभाळणारा त्याबद्दल वर्षाकाठी किती घेणार, आणि मला तो हवा असेल त्या दिवशी कोणत्या हिशेबाने परत मिळणार, हे प्रश्न काही नवे नाहीत. फंड असो, दलालाची पेढी असो की निवृत्तीचे खाते असो, त्यांची उत्तरे मिळाल्यावाचून सही करू नये. आणि उत्तर मिळाले तरी सर्व चार आणे एकाच गावात ठेवू नयेत.

रायपूरच्या सहकारी बँकेजवळ वार्षिक सभा होती. आजच्या गुंतवणूकदाराजवळ ती नाही. तो एकटा असतो, त्याच्या हातात एक चकाकणारी काच असते आणि प्रत्येक क्षणी ती त्यास काहीतरी करावयास सांगत असते. म्हणून ती सभा त्याने आपल्या घरीच भरविली पाहिजे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या वहीपूजनाचा मुहूर्त यास काय वाईट, पतिपत्नींनी व कळत्या मुलांनी एकत्र बसावे, सर्व खाती कागदावर उतरवावीत, शुल्क किती गेले ते पाहावे, नामनिर्देशन कोणाचे आहे ते वाचावे आणि ज्या योजनेचे मर्म घरात एकासही सांगता येत नाही तिच्यात पुढचा रुपया घालू नये. पुष्कळ घरांतून कर्ता पुरुष गेल्यावर त्याची शिल्लक कोठे होती हेच कोणास सांगता येत नाही. वही पुन्हा एकाच माणसाच्या हाती गेलेली असते, इतकेच.

दीडशे वर्षांच्या प्रवासात ती वही सावकाराच्या गादीवरून टपाल कचेरीत, तेथून सहकारी बँकेच्या सभेत, मग सरकारच्या कपाटात आणि अखेर ठेवीदाराच्या स्वतःच्या हातात येऊन पोचली आहे. ती वाचण्याचे काम मात्र आता दुसऱ्या कोणाकडे सोपविता येणार नाही.